किडनी फेल होत असताना चिनी डॉक्टर पेशंटची जीभ का बघतात? त्यावरून पेशंट वाचणार की नाही हे खरंच कळतं का?

आयसीयूच्या बाहेरची बाकडी. रात्रीचे दोन वाजलेत. डॉक्टर बाहेर येतात आणि सांगतात, "इन्फेक्शन रक्तात पसरलंय. आता किडनीवर पण परिणाम झालाय. लघवी कमी झालीये, क्रिएटिनिन वाढलंय. कदाचित डायलिसिस लागेल."

बाहेर बसलेल्या नातेवाईकांच्या हातात त्या वेळी एकच गोष्ट असते, ती म्हणजे मोबाईल. मग सर्च सुरू होतं. आणि तेवढ्यात फॅमिली ग्रुपवर कुणीतरी टाकतं, "चीनमध्ये यावर जडीबुटीचं इंजेक्शन देतात, पेशंट खडखडीत बरे होतात, आपल्याकडे लपवून ठेवलंय."

आता यात खरं किती आणि खोटं किती?

तर विषय असा आहे की चीनमध्ये असं इंजेक्शन खरोखर आहे. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलांत सेप्सिसच्या पेशंटची जीभ आणि नाडी बघून त्याचा 'प्रकार' ठरवणारे डॉक्टरही आहेत. कोणत्या प्रकारचा पेशंट वाचतो आणि कोणत्या प्रकारचा दगावतो यावर तिथे अभ्यासही होतात. पण त्यातून जे कळतं ते आणि फॉरवर्डमध्ये जे लिहिलेलं असतं ते, यात बरंच अंतर आहे.

सुरुवातीपासून बघू.

सेप्सिस म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे याला सरळ "रक्तात इन्फेक्शन गेलं" म्हणतात. पण हे अर्धंच खरं आहे. २०१६ साली जगभरातल्या तज्ज्ञांनी जी व्याख्या ठरवली ती सांगते की, इन्फेक्शनला उत्तर देताना शरीराचा स्वतःवरचाच ताबा सुटतो, त्यात अवयव बिघडायला लागतात आणि जीव धोक्यात येतो, त्याला सेप्सिस म्हणायचं.

म्हणजे चोर घरात शिरला म्हणून पोलीस बोलावले आणि पोलिसांनी चोरासकट घरच पाडायला घेतलं, असा प्रकार.

सुरुवात कशानेही होऊ शकते. न्यूमोनिया, लघवीचं इन्फेक्शन, फुटलेलं अपेंडिक्स, डायबेटिस असणाऱ्याच्या पायाची जखम. २०१७ सालचा जागतिक अंदाज असा आहे की त्या एका वर्षात जवळपास ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख लोक गेले. त्या वर्षी जगात झालेल्या दर ५ मृत्यूंमागे साधारण १.

मग यात किडनीच का सापडते?

हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त बाहेर टाकतं त्याचा साधारण पाचवा हिस्सा एकट्या किडन्यांकडे जातो. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला जवळपास १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं बहुतेक सगळं परत शरीराला देतात. लघवी म्हणून बाहेर पडतं ते फक्त दीड-दोन लिटर. एवढं काम करणाऱ्या अवयवाला झटका पहिला बसतो.

पूर्वी असं वाटायचं की सेप्सिसमध्ये बीपी पडतं, रक्त कमी पोहोचतं, म्हणून किडनी मार खाते. पुढे लक्षात आलं की किडनीकडे जाणारं एकूण रक्त ठीक असतानाही ती बिघडू शकते. बारीक रक्तवाहिन्यांत गोंधळ उडतो, सूज येते, आणि किडनीच्या पेशी जीव वाचवण्यासाठी काम कमी करतात, असं आता मानलं जातं. एखाद्या कारखान्याने वीज कमी पडली म्हणून मशीन बंद ठेवाव्यात तसं. म्हणूनच बऱ्याच पेशंटमध्ये सेप्सिस आटोक्यात आला की किडनी पुन्हा काम सुरू करते.

डॉक्टर हे ओळखतात कसं? दोन गोष्टींवरून. एक, ४८ तासांत रक्तातलं क्रिएटिनिन ०.३ ने वाढलं किंवा आठवड्याभरात मूळच्या दीडपट झालं तर. दोन, सलग ६ तास लघवी वजनाच्या दर किलोमागे ताशी अर्धा मिलीपेक्षा कमी झाली तर. म्हणजे ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिलीपेक्षा कमी. कटिंग चहाचा अर्धा ग्लासही भरणार नाही एवढी.

यात एक ग्यानबाची मेख आहे. क्रिएटिनिन उशिरा वाढतं. किडनीला मार आज बसला तर रिपोर्टमध्ये तो नीट दिसायला एक-दोन दिवस जाऊ शकतात. त्यामुळे "हा पेशंट पुढे बिघडणार आहे" हे आधी सांगणारं काहीतरी जगभरच्या डॉक्टरांना हवं आहे.

आणि इथेच चिनी डॉक्टर म्हणतात, आम्ही जीभ आणि नाडी बघून सांगतो.

'झंग' ही काय भानगड आहे?

पारंपरिक चिनी वैद्यकात आजाराच्या नावापेक्षा एका शब्दाला जास्त महत्त्व आहे. तो शब्द म्हणजे 'झंग'. याचा अर्थ, त्या क्षणी पेशंटमध्ये दिसणाऱ्या सगळ्या लक्षणांचं मिळून बनलेलं चित्र. जीभ लाल की जांभळी, तिच्यावरचा थर पांढरा की पिवळा, नाडी वेगवान की क्षीण, हातपाय गरम की गार, तहान, घाम, शौच, लघवी. हे सगळं एकत्र करून वैद्य एक नाव देतो आणि औषध त्या नावाला देतो.

त्यामुळे एकाच आजाराच्या दोन पेशंटना दोन वेगळी औषधं मिळू शकतात. आपल्याकडे वैद्य वात-पित्त-कफ बघून औषध बदलतात, त्यामुळे ही कल्पना आपल्याला परकी वाटणार नाही. दोन्ही शास्त्रं मात्र वेगळी आहेत, त्यांची सरमिसळ करायची नाही.

ही परंपरा मुळात साथीच्या तापांतूनच घडलेली आहे. इसवी सन २००च्या आसपास झांग झोंगजिंग नावाचा वैद्य होऊन गेला. त्याच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहिलंय की त्याच्या कुळात २००हून जास्त माणसं होती आणि दहा वर्षांच्या आत त्यातली दोन तृतीयांश गेली, त्यातली दहापैकी सात तापाने. त्यानंतर त्याने ताप कसा टप्प्याटप्प्याने आत शिरतो आणि प्रत्येक टप्प्याला काय द्यायचं हे लिहून काढलं. आज ज्याला आपण सेप्सिस म्हणू, तशी माणसं त्याने नक्कीच बघितली असणार.

एक गोष्ट मात्र इथेच लक्षात ठेवा. चिनी वैद्यक ज्याला 'शेन' म्हणतं त्याचं भाषांतर सगळीकडे 'किडनी' असं केलं जातं. पण त्यांचं शेन म्हणजे सोनोग्राफीत दिसणारी किडनी नव्हे. त्यात वाढ, जनन, हाडं, ऐकू येणं असं बरंच काही येतं. त्यामुळे "किडनी कमजोर आहे" असं चिनी वैद्याने सांगितलं तर क्रिएटिनिन वाढलंय असा अर्थ होत नाही. आणि क्रिएटिनिन वाढलेल्या माणसाला "किडनी मजबूत करणारी" जडीबुटी लागू पडेल असंही नाही. निम्म्या फॉरवर्डची गडबड इथेच होते.

सेप्सिसचे चार प्रकार

आता येऊ तिआनजिन शहरात. तिथल्या फर्स्ट सेंट्रल हॉस्पिटलमध्ये वांग जिनदा नावाचे डॉक्टर होते. चीनमध्ये आयसीयू उभे राहत होते त्या काळातले ते मोठे नाव. १९७०च्या दशकापासून त्यांनी आधुनिक उपचारांसोबत चिनी औषधं वापरायला सुरुवात केली आणि सेप्सिसच्या पेशंटची तीन प्रकारांत विभागणी केली. पुढे त्यात चौथा आला.

पहिला, विषारी उष्णता. खूप ताप, लाल चेहरा, तहान, लाल जीभ, तिच्यावर पिवळा थर, वेगवान नाडी, लघवी थोडी आणि गडद.

दुसरा, रक्त साकळणे. जीभ जांभळट, तिच्यावर काळसर डाग, अंगावर निळे-काळे डाग. आधुनिक भाषेत सांगायचं तर रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडलेली.

तिसरा, तीव्र क्षीणता. चेहरा पांढराफटक, गार हातपाय, घाम, हाताला जेमतेम लागणारी नाडी, गुंगी.

चौथा, आतडी ठप्प. पोट फुगलेलं, शौच बंद. यात रेवंदचिनीसारखी औषधं येतात. तीच रेवंदचिनी जी आपल्याकडे जुन्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळते.

सेप्सिसमुळे किडनी बिघडलेल्या पेशंटवर जे अभ्यास होतात ते साधारण याच धर्तीवर असतात. पेशंट घ्यायचे, कोण कोणत्या प्रकारात बसतो ते नोंदवायचं, आणि २८ दिवसांनी बघायचं. कोण जगलं, कोण गेलं, कुणाला डायलिसिस लागलं, कुणाची किडनी पूर्ववत झाली. मग हिशोब करायचा की कोणता प्रकार जास्त घातक.

ऐकायला मस्त वाटतं. पण खरी मजा पुढे आहे.

छत्री आणि पाऊस

समजा एका अभ्यासात दिसलं की 'तीव्र क्षीणता' गटात सगळ्यात जास्त पेशंट गेले. यावरून काय सिद्ध होतं?

वरची लक्षणं परत वाचा. गार हातपाय, घाम, क्षीण नाडी, गुंगी. कोणत्याही आयसीयूतला ज्युनिअर डॉक्टर हे ऐकून सांगेल, पेशंट शॉकमध्ये आहे. बीपी कोसळलंय. सेप्सिसमध्ये शॉक आला की मृत्यूचा धोका वाढतो हे सगळ्यांना माहीत आहे. मग 'क्षीणता' हे नाव देऊन आपल्याला नवीन काय कळलं?

काहीच कळलं नाही असंही नाही. जिथे लॅब नाही, मॉनिटर नाही, अशा ठिकाणी डोळ्यांनी आणि बोटांनी गंभीर पेशंट ओळखता येणं ही मोठी गोष्ट आहे. शेकडो वर्षं वैद्यांनी बारकाईने बघून जे टिपलं त्याला दाद द्यायलाच पाहिजे.

पण रस्त्यावर छत्र्या उघडलेल्या दिसल्या तर पाऊस आहे हे कळतं. छत्र्या मिटवल्या म्हणून पाऊस थांबत नाही. प्रकार बघून मृत्यूचा अंदाज बांधता येणं वेगळं आणि त्या प्रकाराला औषध देऊन मृत्यू टाळता येणं वेगळं. पहिल्यावरून दुसरं आपोआप सिद्ध होत नाही.

आणखी एक अडचण आहे आणि ती आयसीयूत गेलेल्या कुणालाही लगेच कळेल.

पेशंट व्हेंटिलेटरवर असतो, तोंडात नळी असते. जीभ दिसणार कशी? ऑक्सिजनने जीभ कोरडी पडते, अँटिबायोटिकने तिच्यावरचा थर बदलतो. बीपी वाढवायला नॉरॲड्रिनलिन चालू असतं, त्यामुळे रक्तवाहिन्या आवळतात, बोटं गार पडतात आणि नाडीही बदलते. पेशंटला झोपेचं औषध दिलेलं असतं, त्यामुळे तहान लागलीये का हे विचारायची सोय नाही. म्हणजे वैद्य जे बघतोय ते आजाराचं लक्षण की उपचाराचा परिणाम, हे वेगळं काढणं कठीण.

शिवाय हे प्रकार बदलत राहतात. पहिल्या दिवशी उष्णता असलेला माणूस चौथ्या दिवशी क्षीणतेत जातो. मग नोंद कोणत्या दिवसाची धरायची? आणि एकाच पेशंटला दोन वैद्यांनी वेगवेगळं तपासलं तर दोघं एकच प्रकार सांगतील का?

त्यामुळे असा अभ्यास वाचनात आला तर चार प्रश्न विचारायचे. प्रकार कोणत्या दिवशी ठरवला? दोन वैद्यांचं एकमत होतं का? वय, बीपी, आधीचे आजार यांचा हिशोब धरल्यावरही फरक उरतो का? आणि प्रकार बघून औषध दिल्याने पेशंट जास्त वाचले का, तेही चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडल्यावर?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

पाश्चात्त्य डॉक्टरही हेच करतायत

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे हे सगळं बोगस. तर तसंही नाही.

'सेप्सिस' या एका नावाखाली वेगवेगळ्या जातीचे पेशंट येतात हे आता सगळेच मानतात. २०१९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हजारो पेशंटची माहिती कॉम्प्युटरला दिली आणि त्याला गट पाडायला सांगितलं. चार गट निघाले. नावं अल्फा, बीटा, गामा, डेल्टा. बीटामध्ये वयस्कर, जुने आजार असलेले आणि किडनी बिघडलेले लोक जास्त. गामामध्ये सूज आणि फुप्फुसाचा त्रास जास्त. डेल्टामध्ये लिव्हरचा बिघाड आणि शॉक जास्त, आणि मृत्यूही सगळ्यात जास्त.

म्हणजे जीभ-नाडीच्या जागी रक्ताचे रिपोर्ट आले, वैद्याच्या जागी कॉम्प्युटर आला. पण प्रश्न तोच. समोरचा पेशंट कोणत्या जातीचा? आणि अडलंय तेही तिथेच. डेल्टा गटाला अमुक औषध दिलं तर तो वाचतो, हे अजून प्रयोगात पक्कं व्हायचं आहे.

गट पाडणं दोघांनाही जमलं. गट बघून जीव वाचवणं ही पुढची पायरी आहे.

ते इंजेक्शन, आणि त्यातली करडई

आता त्या जडीबुटीच्या इंजेक्शनबद्दल. त्याचं नाव शुएबिजिंग. शब्दशः अर्थ, "रक्त नक्की स्वच्छ". ते वांग जिनदा यांच्याच कामातून आलं आणि २००४ साली चीनमध्ये त्याला मंजुरी मिळाली. यात पाच वनस्पती आहेत. त्यातली चार नावं आपल्याला अनोळखी आहेत, छिशाओ, छुआनश्योंग, डानशेन आणि डांगगुई. पण पाचवी ऐकून दचकाल.

करडईची फुलं.

होय, तीच करडई. सोलापूर-मराठवाड्यात रब्बीला ज्वारीच्या जोडीने पेरतात ती, जिचं तेल आपण खातो ती. चिनी वैद्यकात तिच्या लाल पाकळ्या 'साकळलेलं रक्त मोकळं करणारं' औषध मानतात.

या इंजेक्शनचं मूळ आणखी मागे जातं. १७९७ साली चीनच्या लुआनझोउ भागात लहान मुलांची मोठी साथ आली. गरिबांची मुलं नीट पुरलीही जात नव्हती, कुत्र्यांनी प्रेतं उकरलेली असायची. वांग चिंगरेन नावाच्या तरुण वैद्याने रोज तिथे जाऊन त्या प्रेतांतले अवयव बघितले, कारण जुन्या ग्रंथातल्या आकृत्यांवर त्याचा विश्वास नव्हता. १८३०मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्यात त्याने जुन्यांच्या चुका काढल्या आणि स्वतःही काही केल्या. छातीत साचलेलं रक्त बघून त्याला वाटलं, ही शरीरातली रक्ताची कोठीच आहे. त्या कोठीतलं साकळलेलं रक्त काढायला त्याने एक काढा लिहिला. करडईची फुलं त्यातलीच. पुढे वांग जिनदा यांनी त्याच काढ्याचा आधार घेतला.

म्हणजे बघा, ज्या कल्पनेवर काढा उभा होता ती कल्पनाच चुकीची होती. पण म्हणून औषध निरुपयोगी ठरतं का? नाही. आणि कल्पना जुनी आहे म्हणून औषध गुणकारी ठरतं का? तेही नाही. औषध चालतं की नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो वेगळाच तपासावा लागतो.

आणि चीनमध्ये तो तपासला गेला. ४५ आयसीयू, सेप्सिसचे १,८१७ पेशंट, चिठ्ठ्या टाकून दोन गट. सगळ्यांना नेहमीचे उपचार चालू. त्यावर एका गटाला पाच दिवस शुएबिजिंग आणि दुसऱ्याला साधं सलाईन. कुणाला काय दिलंय हे ना पेशंटला माहीत ना डॉक्टरला. २०२३ साली निकाल छापून आला. २८ दिवसांत सलाईनच्या गटातले २६.१ टक्के पेशंट गेले, शुएबिजिंगच्या गटातले १८.८ टक्के. म्हणजे शंभरामागे साधारण सात जीव जास्त वाचले.

हा आकडा छोटा नाही. पण तीन गोष्टी लक्षात घ्या.

एक, अँटिबायोटिक आणि बाकी उपचार सगळ्यांना चालूच होते. त्याऐवजी जडीबुटी, असा हा प्रयोग नव्हताच.

दोन, प्रत्येकाचा झंग बघून वेगवेगळं औषध दिलेलं नव्हतं. औषध गटातल्या सगळ्यांना एकच इंजेक्शन. त्यामुळे यातून 'प्रकार बघून उपचार करावा' हे सिद्ध होत नाही. आणि मुख्य प्रश्न मृत्यूचा होता, किडनीचा नव्हता.

तीन, सगळे पेशंट एकाच देशातले होते.

मग काय झालं? एवढ्यावर विश्वास ठेवायचा की नाही?

इथे एक जुना किस्सा आठवतो. २००१ साली अमेरिकेत सेप्सिसवर एक महागडं इंजेक्शन आलं. पूर्णपणे आधुनिक, जैवतंत्रज्ञानातून बनलेलं. १,६९० पेशंटच्या प्रयोगात मृत्यू ३०.८ टक्क्यांवरून २४.७ टक्क्यांवर आले होते. चिनी इंजेक्शनच्या आकड्याशी जवळपास मिळताजुळता फरक. जगभर ते वापरलं गेलं.

मग परत प्रयोग झाला, जवळपास १,७०० पेशंटवर. या वेळी औषध घेणाऱ्यांत २६.४ टक्के गेले आणि न घेणाऱ्यांत २४.२ टक्के. फायदा कुठे गायब झाला कळलंच नाही. ऑक्टोबर २०११मध्ये कंपनीने औषध बाजारातून काढून घेतलं.

थोडक्यात काय, तर एक चांगला प्रयोग म्हणजे आशा. दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या हातांनी तोच निकाल आला म्हणजे खात्री.

डायलिसिसचीही अशीच गोष्ट. "किडनी बिघडतेय तर लगेच डायलिसिस लावा ना, वाट कसली बघताय?" हे प्रत्येक नातेवाईक विचारतो आणि ते बरोबरही वाटतं. फ्रान्समध्ये सेप्टिक शॉकमुळे किडनी बिघडलेल्या ४८८ पेशंटवर हेच तपासलं. अर्ध्यांना १२ तासांच्या आत डायलिसिस, बाकीच्यांना ४८ तास थांबून. २०१८ साली निकाल आला. ९० दिवसांत लवकरच्या गटात ५८ टक्के गेले, उशिराच्या गटात ५४ टक्के. म्हणजे घाई करून फायदा झाला नाही. उलट थांबलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना डायलिसिस लागलंच नाही.

म्हणून डॉक्टर "अजून थोडं बघू" म्हणाले तर ते दर वेळी टाळाटाळ करतायत असं समजू नका.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जडीबुटीने किडनी जाते तेव्हा

१९९०च्या सुमारास बेल्जियममधल्या ब्रसेल्समध्ये वजन कमी करण्यासाठी बायकांना चिनी जडीबुटी असलेल्या गोळ्या दिल्या जात होत्या. काही काळाने तरुण, धडधाकट बायकांच्या किडन्या निकामी व्हायला लागल्या. १९९३मध्ये डॉक्टरांनी हे जगासमोर मांडलं. पुढे अशा पेशंटची संख्या शंभरावर गेली.

चूक काय झाली? नावाची. 'हान फांगजी' नावाच्या मुळीच्या जागी 'गुआंग फांगजी' गेली. दुसरीत ॲरिस्टोलोकिक ॲसिड असतं. ते किडनी तर घालवतंच, शिवाय मूत्रमार्गाचा कॅन्सरही करतं. चीनने स्वतः २००३ साली हे ॲसिड असलेल्या एका प्रसिद्ध वनस्पतीचा औषधी वापर बंद केला.

हे आपल्यापासून लांब आहे असं समजू नका. आपल्याकडची ईश्वरी किंवा सापसण ही वेल त्याच वंशातली आहे आणि गावठी औषधांत ती वापरली जात आली आहे. 'नैसर्गिक आहे, साईड इफेक्ट नाहीत' हे वाक्य किडनीला माहीत नसतं.

मग आपण काय करायचं?

घरात कुणाला इन्फेक्शन आहे आणि यातलं काही दिसलं, तर काढा उकळत बसू नका. श्वास जोरजोरात चाललाय. माणूस गोंधळल्यासारखं बोलतोय किंवा खूप झोपतोय. खूप ताप आहे किंवा उलट अंग गार पडलंय. हातपाय गार, त्वचेवर निळसर चट्टे. दिवसभरात लघवी जवळपास झालीच नाही. १०८ला फोन करा किंवा सरळ मोठं हॉस्पिटल गाठा. शॉक आला असेल तर अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हावं असं जगभरच्या डॉक्टरांचं मार्गदर्शन आहे.

पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत हे जास्त लक्षात ठेवा. शेतात किंवा तुंबलेल्या पाण्यात वावरून आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला तर लेप्टो असू शकतो आणि तो किडनीवर जातो. २००५च्या महापुरानंतर मुंबईने हे बघितलेलं आहे. अशा तापात मेडिकलमधून अंगदुखीच्या गोळ्या आणून स्वतःच घेऊ नका, त्यातल्या बऱ्याच गोळ्या किडनीवर ताण आणतात.

पेशंट आधीपासून कुठलाही काढा, चूर्ण, भस्म घेत असेल तर डॉक्टरांना सांगा. ओरडतील म्हणून लपवू नका. डबी असेल तर डबीच घेऊन जा. आणि आयसीयूतल्या माणसाला नळीतून किंवा चमच्याने गुपचूप काही देऊ नका, मग ते चिनी असो नाहीतर आजीबाईच्या बटव्यातलं.

राहिला प्रश्न फॉरवर्डचा. चीनमध्ये इंजेक्शन आहे, हे खरं. त्याचा एक मोठा प्रयोग चांगला आलाय, हेही खरं. पण ते अँटिबायोटिकच्या जोडीला होतं, जीभ बघून दिलेलं नव्हतं, आणि करडईच्या फुलांचा चहा पिऊन सेप्सिस बरा होतो असं कुणीही कधी दाखवलेलं नाही.

चिनी वैद्याने जीभ बघून "हा पेशंट गंभीर आहे" सांगितलं तर बहुधा तो बरोबरच असेल. आयसीयूच्या बाहेर बसलेल्या माणसाला मात्र तेवढंच पुरत नाही. आपला माणूस वाचेल का, हे त्याला हवं असतं. त्याचं उत्तर कुठल्याही एका जिभेत किंवा एका रिपोर्टमध्ये नसतं. वेळेत हॉस्पिटल गाठलं तर ते उत्तर आपल्या बाजूने यायची शक्यता वाढते, आणि तेवढं मात्र आपल्या हातात असतं.